बायांचं फाटक दहा मिनिटं आधी

जयवंताबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. पंचावन्न वर्षं झाली, वेळ तीच आहे. भाकरी थापायच्या, फडक्यात बांधायच्या आणि साडेपाचच्या आत सौंसरच्या संत्र्याच्या शेडवर पोचायचं. चूल गेली, गॅस आला, वेळ बदलली नाही. आता तिचं वय चौऱ्याहत्तर आहे. ती क्रेट उचलत नाही. पोत्यावर बसून फळ निवडते. मोठं, मधलं, बारीक, डागी. डावा हात फळ उचलतो, अंगठा देठाजवळ एकदा फिरतो, उजवा हात ढिगावर टाकतो. तिची एकही हालचाल फुकट गेलेली मी पाहिली नाही, आणि मी त्या शेडवर चौतीस वर्षं हमाली केली आहे. कंबर गेली तेव्हा सोडली. अजून सकाळी तिथे जाऊन बसतो, चहा पितो. माझ्याबद्दल एवढं पुरे.

संत्रा निवडणाऱ्या बाया बोलल्याशिवाय काम करत नाहीत. दुसऱ्या शेडवर सासू-सुनांचं बोलणं चालतं. आमच्या शेडवर सिनेमा चालायचा. सांगणारी एकच, जयवंताबाई.

हे सिनेमे आम्ही लहान असताना किंवा त्याच्याही आधी बनलेले. काळेपांढरे. घोडे, तलवारी, गुहा, जादूगार, तोंडावर नकाब घातलेली राणी. मोठ्या शहरात जुने झाले, दहा ठिकाणी तुटले, तुकडे जोडले गेले, की मग सौंसरच्या टॉकीजला यायचे. नाव कोणाच्या लक्षात राहत नसे. गोरिल्ल्याचा सिनेमा, उडत्या खाटेचा सिनेमा, काळ्या घोडीचा सिनेमा, असंच म्हणायचे. रडके सिनेमेही यायचे. जयवंताबाईनं त्यातला एक शेडवर सांगून पाहिला. सिनेमातली बाई देवापुढे गाणं म्हणायला बसली तशा इथल्या बाया हात मांडीवर ठेवून बसल्या. माल तसाच राहिला, ट्रक दीड तास उशिरा निघाला. त्यानंतर तिनं रडका सिनेमा सांगितला नाही. घोडा धावला की हात धावतात. हे मी रोज पाहत होतो, कारण भरलेली पेटी माझ्याच पाठीवर यायची.

हे सिनेमे तिला कसे पाहायला मिळाले, ते सांगतो. शेडचं काम बारापर्यंत संपे. बुधवारी आणि रविवारी दुपारी तीनच्या खेळाला टॉकीजमध्ये बायांची वेगळी बाजू असायची. मधे लाकडी आडोसा. बायांचं फाटक मागच्या गल्लीत. त्या फाटकावर एकाहत्तर सालापासून पुढे अकरा वर्षं जयवंताबाई होती. तिकीट फाडायचं, रडणारं लेकरू बाहेर न्यायचं, आणि आपल्या स्टुलावर बसून पडद्याकडे पाहायचं.

टॉकीजचे मॅनेजर केशवराव म्हणून होते. शिस्तीचा माणूस. त्यांचा एक नियम होता: बायांचं फाटक दहा मिनिटं आधी. खेळ सुटला की माणसं लोंढ्यानं बाहेर पडत, आणि मागची गल्ली एक बैलगाडी जाईल एवढीच होती. त्या गर्दीत बाया सापडू नयेत म्हणून त्यांना आधी काढायचं. या नियमामुळेच घरचे बायांना जाऊ देत. नियम वाईट आहे असं तेव्हा कोणाला वाटलं नाही. सिनेमात हिरो बांधलेला असायचा, गुहेत पाणी चढत असायचं, आणि इकडे फाटकाची साखळी वाजायची. बाया उठायच्या, पायानं चप्पल शोधायच्या, निघायच्या. जयवंताबाई त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला जायची. परत येईपर्यंत आत झाडू लागलेला असे.

अकरा वर्षांत तिनं शेकडो सिनेमे पाहिले. एकाचाही शेवट पाहिला नाही.

ही गोष्ट बायांना माहीत नव्हती. त्यांना वाटे, ही फाटकावरची, आपल्याला सोडून परत जाते आणि उरलेला पाहते, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या खेळाला पाहते. दुसऱ्या दिवशी ती संत्रा भरत असे आणि मग घरी पाणी भरत असे, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. पहिल्या सोमवारी शेडवर कुसुमनं विचारलं, "जयवंता, मंग शेवटी काय झालं व? तुले तं मालूम असन."

कुसुम तेव्हा वीस-एकवीसची, नवऱ्याच्या घरून मोहगावहून कामाला यायची. जयवंताबाई तिच्या शेजारीच बसत असे. फाटकावरच्या बाईला शेवट माहीत नाही, हे सांगणं तिला जमलं नाही. तिनं सांगायला सुरुवात केली. शेवट आपोआप आला. बायांना आवडला. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मग ते तसंच चालू राहिलं.

आम्ही माणसांच्या बाजूला बसायचो, म्हणून आम्हाला खरे शेवट माहीत होते. जयवंताबाईचे शेवट वेगळे असायचे. तिचा हिशेब साधा होता. सिनेमात ज्यानं मेहनत केली, त्याला शेवटी मिळालं पाहिजे. ज्या म्हातारीनं कैदखान्याची किल्ली आणली, तिला घर मिळायचं. घोड्याला चंदी-चारा मिळायचा. गोरिल्ला जादूगाराच्या पिंजऱ्यातून सुटून पेंचच्या जंगलात जायचा. काळ्या घोडीच्या सिनेमातही एक गोरिल्ला होता. त्यात राजकन्या नकाब घालून पूर्ण वेळ एकटी लढते. सेनापतीनं तिच्या बापाला मारून गादी घेतलेली असते. कुठल्या तरी मुलखाचा एक राजकुमार येतो, दोन गाणी म्हणतो आणि तीन वेळा पकडला जातो. तिन्ही वेळा तीच सोडवते. जयवंताबाईच्या शेवटात ती सेनापतीला खांबाला बांधते, स्वतः गादीवर बसते, आणि राजकुमाराला तबेला सांभाळायला ठेवते. तबेल्याच्या ठिकाणी बाया इतक्या हसायच्या की एकदा पेटीच लवंडली.

हा शेवट कुसुमनं उचलला. बावीस वर्षांची असताना तिनं मोहगावचं घर सोडलं. नवरा पिऊन मारायचा. ती एक पिशवी घेऊन पायी निघाली आणि सौंसरला भावाकडे आली. महिन्याभरानं मोहगावहून तीन मोठी माणसं समजूत काढायला आली. कुसुम दारात उभी राहून म्हणाली, "काळ्या घोडीवाली गादी सोडून त्याच्या मागं गेली का? मंग मी काऊन जाऊ?" माणसांना कळलं नाही. बायांना कळलं. ते वाक्य सौंसरात वर्षभर फिरलं. कुसुम परत गेली नाही. तिनं शेडवर काम करून पोट भरलं, पुढे दोन खोल्या बांधल्या. पन्नास वर्षं ती जयवंताबाईच्या डाव्या बाजूला बसली.

मागच्या डिसेंबरात चंचल शेडवर आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या आधी सकाळी तीन तास काम करते. हात जलद आहे, लक्ष मोबाइलवर. जयवंताबाईकडून काळ्या घोडीचा सिनेमा दोनदा ऐकल्यावर तिनं तो मोबाइलवर शोधून काढला. चहाच्या सुट्टीत थोडा थोडा करून तीन दिवस पाहिला. मी शेजारी बसून पाहिला.

पहिल्या दिवशी ती हसत होती. "बाप्पा, आबाजी, पहाड हलून राहिला!"

"पुठ्ठ्याचा हाय."

"आन गोरिल्ल्याच्या पाठीले चेन दिसते."

"दिसते."

"तरी तुमी भेत होते?"

"भेत होतो."

"काय लोकं होते जी तुमी!"

दुसऱ्या दिवशी ती उडी आली. राजकन्या धावत्या घोडीवरून धावत्या गाडीवर उडी मारते. कॅमेरा एका जागी उभा आहे, मधे तुकडा नाही. बाई खरीच उडते. गाडीच्या कडेवर डाव्या खांद्यानं आदळते, आणि उठताना तो खांदा अंगाशी धरून उठते. हे कोणी शिकवून करत नाही. लागलं की माणूस असाच उठतो. चंचलनं तेवढा भाग मागे नेऊन चार वेळा पाहिला. हसणं थांबलं होतं.

"हिले लागलं ना, आबाजी?"

"लागलं."

"तरी पुढचं काम केलं."

"केलं."

हे सिनेमे अजून का पाहावेसे वाटतात, असं मला कोणी विचारलं तर मी ही उडी दाखवीन. खोटं काय आहे ते त्यात लपत नाही. डोंगर पुठ्ठ्याचा, वटवाघूळ दोरीवर, चंद्र म्हणजे मागून दिवा लावलेलं ताट. पण जे माणसानं अंगानं केलं, तेही लपत नाही. घोड्याच्या तोंडाचा फेस खरा. दोर चढणाऱ्याचा दम खरा. गोरिल्ल्याच्या कातड्यात एक माणूस आहे, तो दिव्यांच्या उकाड्यात बाईला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढतो, आणि सातव्या पायरीवर त्याचा पाय क्षणभर थरथरतो. मी पाठीवर पेटी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होतो, मला ते थरथरणं ओळखू येतं. आताच्या सिनेमात माणूस दहा मजल्यांवरून पडतो आणि कपडे झटकतो. त्यात कोणाचं काय गेलं, ते कळत नाही. ज्याचं काही जात नाही ते पाहून मला थकवा येतो.

तिसऱ्या दिवशी चंचलनं शेवट पाहिला आणि शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "आजी, तू इतके साल झूठ सांगून राहिली व!"

जयवंताबाईचा हात थांबला नाही. "काय झूठ?"

"राणी गादीवर बसतच नाही. राजकुमाराच्या डोक्यावर मुकुट ठेवते. नकाब काढते, पदर घेते, त्याच्या पाया पडते. खतम."

सुमन नावाची एक तोंडाळ बाई आहे. ती म्हणाली, "मंग तबेला कोण सांभाळते?"

"राणीच सांभाळत असन," दुसरी कोणी म्हणाली. शेड हसली.

"आन गोरिल्ला बी मरते," चंचल म्हणाली.

"गोरिल्ला मरते?" पुष्पानं विचारलं. तिला खरंच वाईट वाटलं.

"दुसरा सिनेमा असन," जयवंताबाई म्हणाली.

"हाच हाय आजी. दाखवू का?"

कुसुम हसली नव्हती. तिनं हातातलं फळ खाली ठेवलं. "जयवंता, तू शेवट पायला नव्हता?"

"फाटक कोण खोलत होतं?"

"मले ते नाही पायजे. पायला होता का नाही?"

"नाही."

"एकाचा बी?"

"एकाचा बी नाही."

कुसुम उठली. आपलं पोतं उचललं आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे डागी माल टाकतात तिथे जाऊन बसली.

चहाच्या वेळी ती माझ्याकडे आली. "भाऊ, तुमी मानसायच्या बाजूनं बसत होते."

"हो."

"तुमाले मालूम होतं."

"होतं."

"मंग बोलले काऊन नाही?"

"मले कोणी विचारलं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चहा न पिता गेली. माझं उत्तर खरं होतं. पुरं नव्हतं. जयवंताबाई सांगत असताना मधे बोललं असतं तर हात थांबले असते, आणि माल राहिला असता. एवढी वर्षं मी हेच कारण धरून होतो. दुसरं कारण असं, की मला तिचा शेवट बरा वाटत होता.

त्यानंतर आठ दिवस शेडवर सिनेमा झाला नाही. जयवंताबाई मान खाली घालून निवडत होती. तिच्या डाव्या बाजूची जागा रिकामी होती, तिथे कोणी बसलं नाही. बाया मोबाइलवर गाणी लावायच्या, मग कोणतं गाणं यावरून भांडायच्या. शेड चालवणारा ठेकेदार वीरेंद्र चाळिशीचा आहे, स्वभावानं बरा. आठव्या दिवशी तो म्हणाला, "आजी, काही सांग ना व. ट्रकवाला बोंबलून राहिला, माल सरत नाही."

"आता शेवट पायल्याशिवाय तोंड खोलत नाही," ती म्हणाली.

चंचलनं लगेच मोबाइल पुढे केला. तिलाही एव्हाना आपण काय करून बसलो ते कळलं होतं. "घे आजी, दहा मिनिटाचं काम हाय."

"एकटीनं पाहून काय करू, बाई? शेवट काय माया एकटीचा राहिला हाय? तेव्हाच्या साऱ्या बायायचा राहिला हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं खाडा केला. माझ्या माहितीत असे खाडे सहा-सात असतील, ते सगळे लेकरांच्या आजारपणाचे आणि मयतीचे. ती बसनं पांढुर्ण्याला गेली. मला सोबत नेलं, कारण तिथला मंडपवाला विशाल माझ्या भाच्याच्या ओळखीचा. विशालचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्याला सरकारी कार्यक्रमांचं काम मिळतं, म्हणून त्याच्याकडे मोठा पडदा आणि चांगलं मशीन आहे. दुकानात तो वायरी गुंडाळत होता.

"आजी, लग्न कोणाचं हाय?"

"लग्न नाही. सिनेमा लावाचा हाय. सौंसरच्या समाजभवनात. रविवारी तीन वाजता."

तिनं सिनेमा कोणता ते सांगितलं. चंचलनं कागदावर नाव लिहून दिलं होतं, तो कागद दिला. विशालनं मोबाइलवर शोधला. "अव आजी, हा तं फुकट हाय. घरी पाय ना."

"फुकटच्या शेवटावर माया भरोसा नाही. मशीनचं काय घेशीन ते सांग."

त्यानं सांगितलं. जास्त नव्हतं, पण तिच्यासाठी थोडंही नव्हतं. तिनं कमी करून मागितलं नाही. तिला स्वतःच्या मजुरीत कोणी घासाघीस केलेली चालत नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या मजुरीत करत नाही. बसमध्ये परत येताना ती खिडकीबाहेर पाहत होती. सौंसर जवळ आल्यावर म्हणाली, "भाऊ, कुसुमले तुमी सांगा. मी सांगतलं तं येणार नाही."

मी कुसुमच्या घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती. "रविवारी तीनला," मी म्हणालो. "काळी घोडी. शेवटासकट."

"मी कायले येऊ? मले सांगतला ना चंचलनं."

"ठीक हाय."

"तिनं पाठवलं तुमाले?"

"हो."

"तिले तोंड नाही?"

तांदळातला एक खडा तिनं दोनदा पाहून मग टाकला.

रविवारी दुपारी समाजभवनात अंधार करणं हे मोठं काम होतं. सात खिडक्या आणि वर झरोके. वीरेंद्रनं ट्रकच्या ताडपत्र्या दिल्या. मी आणि दोन हमाल अकरापासून लागलो. ताडपत्री सैल बांधली की वारा शिरतो, आणि वाऱ्याबरोबर उजेड. कोपरा आधी बांधायचा, मग मधला दोर ओढायचा. अडीचला आत हात दिसेनासा झाला. विशालनं पडदा ताणला. तो त्याच्या कामात चोख आहे, पडद्याला एक सुरकुती ठेवली नाही.

तीसेक बाया आल्या. त्यातल्या अकरा जणी टॉकीजच्या काळातल्या. मोहगावहून सुधाबाई आली होती, गुडघे गेलेले, नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून. जयवंताबाई पुढच्या रांगेत बसली. खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली तेव्हा दार किंचित उघडलं, कुसुम आत आली, आणि दाराला पाठ लावून जमिनीवरच बसली. जयवंताबाईनं वळून पाहिलं नाही.

मोठ्या पडद्यावर सिनेमा दुसराच झाला. मोबाइलवर घोडी मुंगीएवढी होती. इथे ती बायांच्या अंगावर आली आणि पहिली रांग मागे सरकली. डोंगर हलला तेव्हा तरुण मुली हसल्या. म्हाताऱ्या हसल्या नाहीत. गोरिल्ला गुहेतून बाहेर आला तशी सुधाबाईनं नातसुनेचा हात धरला, आणि मग स्वतःच म्हणाली, "अव माय, चेन उघडी हाय त्याची. पडसं होईन त्याले." त्यावर सगळा हॉल हसला. उडीच्या वेळी आवाज नव्हता. उडी झाल्यावर कोणीतरी "शाबास" म्हटलं. ती बाई उडी मारून साठ-सत्तर वर्षं झाली असतील. शाबासकी तिला उशिरा मिळाली, पण मिळाली.

मग तो भाग आला. सेनापतीनं राजकुमाराला गुहेत बांधलं. पाणी चढू लागलं.

जयवंताबाई उठली. तिनं काही ठरवलं नव्हतं, तिचं अंगच उठलं. तिच्या मागे आणखी दोघी उठल्या. मग पाच-सहा. अंधारात पाय चप्पल शोधू लागले. सुधाबाईसुद्धा गुडघ्यावर हात ठेवून अर्धी उठली.

"आजी, समोरून हटा ना!" मागून मुली ओरडल्या. "दिसून नाही राहिलं!"

म्हाताऱ्या तशाच उभ्या. काय करायचं ते त्यांना कळेना. पडद्यावर पाणी राजकुमाराच्या छातीपर्यंत आलं होतं, आणि त्यांच्या सावल्या त्या पाण्यावर पडल्या होत्या.

तेव्हा दाराकडून कुसुमचा आवाज आला. "बसा व साऱ्या. फाटक मी धरून बसली हाय. कोणी जात नाही."

बाया बसल्या. जयवंताबाई सगळ्यात शेवटी बसली.

उरलेली दहा मिनिटं त्यांनी पाहिली. राजकन्या पाण्यात उडी घेते, तिसऱ्यांदा राजकुमाराला सोडवते. गोरिल्ला तिच्यावर आलेला भाला आपल्या अंगावर घेतो आणि मरतो. तलवारबाजी होते, सेनापती बुरुजावरून पडतो. मग दरबार. राजकन्या नकाब काढते. मुकुट हातात घेते, पायऱ्या उतरते, राजकुमाराच्या डोक्यावर ठेवते. डोक्यावर पदर घेते, वाकते. बाजा वाजतो. संपलं.

विशालनं दिवे लावले.

"हे काय झालं?" सुधाबाई म्हणाली. "याच्यासाठी मी मोहगावहून आली?"

"गोरिल्ल्यानं जीव देल्ला, आन त्याले कोणी हात बी नाही लावला," पुष्पा म्हणाली.

"तेव्हाचे शेवट असेच राहत होते," मी म्हणालो. "पूरा सिनेमा एकानं बनवला आन शेवटचे दहा मिनिटं दुसऱ्यानं, असं वाटे."

"तुमी चूप राहा भाऊ," कुसुम म्हणाली. "तुमी पन्नास साल चूप होते, आनखी राहा."

कुसुम दारापासून उठून पुढे आली, जयवंताबाईसमोर उभी राहिली. सगळ्या ऐकत होत्या, याची दोघींनीही पर्वा केली नाही.

"मी घर सोडलं थे राणीपायी नाही," कुसुम म्हणाली. "मार खाऊन सोडलं. राणी तं लोकायले सांगाले होती. तू म्हनत असशीन, इनं माया शेवटावर जिंदगी लावली, म्हून रागावली."

"मले तसंच वाटलं."

"तसं नाही. पन्नास साल तुया बाजूनं बसली मी. साऱ्यायले झूठ सांगतलं तं सांगतलं. मले एकटीले सांगाचं होतं, का बाई, म्या पायला नाही, म्या बनवला. मी कोणाले सांगतलं असतं का?"

जयवंताबाई म्हणाली, "तू मोहगावहून आलेल्या मानसायले ते बोलली ना, त्याच्या आंधी सांगणार होती. त्याच्यानंतर मले भेव वाटलं. म्हटलं, आता हे झूठ हाय असं सांगतलं अन् ही वापस गेली तं?"

"मी वापस जाणार होती?"

"मले काय मालूम? मी शेवट कधी पायले होते का कोणाचे?"

कुसुमच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, ते मला सांगता येणार नाही. तिनं नाक पदराला पुसलं आणि विशालकडे वळली. "ए बाबू. ते शेवटचं पुन्हा लाव. आवाज बंद करून लाव."

"आवाज बंद करून?"

"हो. इले सांगू दे."

विशालनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं दिवे घालवले आणि सिनेमा पाण्यापाशी नेला. पडद्यावर राजकुमार पुन्हा बांधला गेला. जयवंताबाई उभी राहिली. पडद्याच्या उजेडात तिचा अर्धा चेहरा दिसत होता.

"आंधी एक गोष्ट सांगते," ती म्हणाली. "मले शेवट मालूम नव्हता. एकाचा बी नाही. हे सारे म्या बनवले. ज्यायले ऐकाचं नाही त्यायनं जावं. फाटक उघडं हाय."

कोणी गेलं नाही.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. गोरिल्ल्यावर भाला आला तेव्हा ती म्हणाली, हा मेला नाही, हा पडून राहिला, सेनापती गेल्यावर उठते. दरबार आला, राजकन्येनं मुकुट हातात घेतला, पायऱ्या उतरली, तेव्हा जयवंताबाई म्हणाली, पाहा, त्याच्या डोक्यावर ठेवून पाहून राहिली, माप बसते का. नाही बसत. आता त्याले सांगून राहिली, बाबा, तू तबेल्यात जाय. राजकन्या वाकली. ती म्हणाली, हे तिचं काही खाली पडलं, ते उचलून राहिली. हॉलमध्ये बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. कुसुम आता पहिल्या रांगेत, तिच्या डाव्या बाजूला बसली होती. ती हसत नव्हती, नीट ऐकत होती. एका ठिकाणी तिनं टोकलंसुद्धा. "म्हातारीले घर देल्लं नाही तू."

"देते, देते. दम धर."

साडेपाचला ताडपत्र्या सोडल्या. बाया सावकाश बाहेर पडल्या, कोणालाच घाई नव्हती. विशालनं मशीन पेटीत भरलं, वायरी गुंडाळल्या. जयवंताबाईनं कमरेची पिशवी सोडून त्याला ठरलेले पैसे दिले आणि विचारलं, "आन दुसऱ्यांदा लावलं त्याचे?"

"त्याचे काय आजी, दहा मिनिट तं होते."

"दहा मिनिट मशीन चाललं का नाही?"

"चाललं."

"तू उभा होता का नाही?"

"होतो."

"मंग घे."

तो नको म्हणाला. ती हात पुढे धरून उभी राहिली. शेवटी त्यानं घेतले. ती जादा रक्कम सोमवारच्या पूर्ण दिवसाच्या तिच्या मजुरीएवढी होती.